खालची अक्षरं आधी वाच

तू विचारलंस, "आत्या, पहिलं नाणं कुणाचं घेऊ? कॉन्स्टंटाइनचं, की त्याच्या एखाद्या मुलाचं?" माझं ऐकशील तर कुणाचंच घेऊ नकोस. ज्यावर कुठल्याही राजाचं नाव नाही, अशा नाण्यापासून सुरुवात कर. चौथ्या शतकातल्या रोमन ब्राँझमध्ये अशी नाणी आहेत, भरपूर आहेत आणि शिकणाऱ्याच्या खिशाला झेपणारी आहेत. राजांची यादी पुरी करायच्या नादाला लागलं की माणूस मुखवटे गोळा करत सुटतो. याचा एक, त्याचा एक, आणि नाव वाचून झालं की नाणं पाकिटात बंद. बिननावाच्या नाण्याशी तसं करता येत नाही. ते कधीचं आणि कुठलं हे बाकीच्या खुणांवरूनच शोधावं लागतं, आणि त्या शोधात नाणं वाचायची सवय लागते.

मी म्हणते ती नाणी आहेत ३३० सालापासूनची. त्या वर्षी ११ मे रोजी कॉन्स्टंटाइनने बॉस्फोरसच्या काठी, जुन्या बायझँटियमच्या जागी उभारलेल्या नव्या राजधानीचं रीतसर उद्घाटन केलं. त्या सुमारास साम्राज्यभरच्या टांकसाळींतून ब्राँझची दोन लहान स्मारक नाणी निघू लागली. एकावर रोमा देवतेचं शिरस्त्राण घातलेलं मस्तक आणि भोवती 'उर्ब्स रोमा' हे शब्द, म्हणजे रोम नगरी. मागे लांडगी आणि तिला पिणारे रोम्युलस-रीमस. दुसऱ्यावर नव्या नगरीचं मानवी रूप, तेही शिरस्त्राणात, खांद्यावर राजदंड, भोवती 'कॉन्स्टंटिनोपोलिस'. मागे गलबताच्या नाळेवर पाय ठेवून उभी असलेली पंखवाली विजयदेवता, एका हातात दंड, दुसरा ढालीवर. जुन्या नगरीचा मान राखायचा आणि नवीला तिच्या बरोबरीने बसवायचं, हे कॉन्स्टंटाइनने बाजारात रोज फिरणाऱ्या सुट्ट्या पैशांतून केलं. त्यामुळे ही नाणी भाजीवालीच्या हातात गेली, शिपायाच्या कमरेला गेली, ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत पोचली. म्हणूनच आजही ती मुबलक सापडतात.

लांडगीचं नाणं हातात आलं की घाई करू नकोस. आकाराने ते सतरा-अठरा मिलिमीटरचं, आपल्या रुपयापेक्षा लहान. टेबलावरचा दिवा बाजूला सरकवून उजेड तिरपा पडेल असा ठेव. वरून पडलेल्या उजेडात उठाव दिसत नाही. दहापट भिंग डोळ्याजवळ धर आणि नाणं त्याच्या जवळ आण. लांडगी डावीकडे तोंड करून उभी असते, पण मान वळवून पोरांकडे बघत असते. तिच्या मानेवरची आयाळ बघ. कुठल्या कारागिराने ती बारीक रेघांनी काढली आहे, कुठल्याने नुसत्या ठिपक्यांनी. पोटाखाली दोन मुलं, वर दोन तारे. झिजलेल्या नाण्यात पहिला बळी जातो तो लांडगीच्या खांद्याचा आणि रोमाच्या गालाचा, कारण सगळ्यात उंच भाग तेच. तारे मात्र टिकलेले असतात. नाणं किती फिरलं आहे याचा अंदाज तिथून येतो. मागच्या बाजूला भोवती एकही शब्द नाही, हेही लक्षात घे. अक्षरं असतील तर फक्त तळाशी.

तो तळच आधी वाचायचा. चित्राखाली एक आडवी रेघ असते, तिच्याखाली चार-पाच अक्षरं कोंबलेली असतात. तीच टांकसाळीची खूण. विकणारा तुला लांडगी दाखवेल, रोमाचं नाक दाखवेल, तू मात्र नाणं उलटून ती अक्षरं शोध. ती अर्धी कापली गेली असतील किंवा गंजाने खाल्ली असतील, तर कितीही देखणं नाणं असलं तरी पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला जाऊ नकोस. ज्याला नाव नाही आणि गावही नाही, ते नाणं तुला काय शिकवणार?

त्या काळात ब्राँझ पाडणाऱ्या तेरा टांकसाळींतून ही नाणी निघाली. पश्चिमेकडून मोजायला लाग: जर्मनीतलं ट्रिअर, फ्रान्समधली लियाँ आणि आर्ल, मग रोम, उत्तर इटलीतलं अ‍ॅक्विलिया, आज क्रोएशियात असलेलं सिस्किया, ग्रीसमधलं थेस्सलोनिका, मग हेराक्लिया, स्वतः कॉन्स्टंटिनोपल, निकोमीडिया, सिझिकस, अँटिओक आणि शेवटी अलेक्झांड्रिया. ट्रिअरची खूण 'टी-आर'ने सुरू होते. लियाँची 'एल-जी', सिस्कियाची 'एस-आय-एस', अ‍ॅक्विलियाची 'ए-क्यू'. पूर्वेकडच्या पुष्कळ टांकसाळी आधी 'एस-एम' घालतात आणि मग गावाचं अक्षर: 'के' म्हणजे सिझिकस, 'एच' म्हणजे हेराक्लिया, 'टी-एस' म्हणजे थेस्सलोनिका. शिवाय प्रत्येक टांकसाळीत एकाहून अधिक कार्यशाळा असत आणि प्रत्येकीचं वेगळं अक्षर असे. पश्चिमेकडे बहुधा लॅटिन अनुक्रमाची आद्याक्षरं, पी, एस, टी, क्यू. पूर्वेकडे ग्रीक आकड्यांची अक्षरं, अल्फा, बीटा, गॅमा. ट्रिअरला दोनच कार्यशाळा होत्या, कॉन्स्टंटिनोपलला अकरा. एवढ्यावरूनही कुठे किती काम चालत होतं ते कळतं.

इथे चकवे आहेत, ते पाठ करून ठेव. सगळ्यात मोठा चकवा आर्लचा. ३२८ च्या सुमारास त्या शहराचं नाव बदलून कॉन्स्टंटिना केलं गेलं, त्यामुळे त्याची खूण 'कॉन्स्ट' अशी झाली. कॉन्स्टंटिनोपलची खूण 'कॉन्स'. नवखा माणूस दोन्हींची सरमिसळ करतो, आणि विकणारेही करतात. कार्यशाळेचं अक्षर कुठे आहे ते बघ: आर्लला ते आधी येतं, 'पी-कॉन्स्ट', 'एस-कॉन्स्ट', कॉन्स्टंटिनोपलला शेवटी येतं. दुसरा चकवा त्याहून साधा. पुढच्या बाजूला 'कॉन्स्टंटिनोपोलिस' असं ठळक लिहिलंय म्हणून ते नाणं तिथेच पाडलं असं समजू नकोस; ते ट्रिअरचं असेल, नाहीतर अलेक्झांड्रियाचं. तिसरा चकवा इंग्लंडात फार भेटतो. लांडगीचं नाणं 'लंडन टांकसाळ' म्हणून समोर येतं. लंडनची टांकसाळ ३२५ मध्ये बंद झाली, ही नाणी सुरू झाली ३३० मध्ये. ते लियाँचं असतं, 'जी' झिजून 'एन'सारखा दिसत असतो. चौथा चकवा निकोमीडिया आणि अँटिओकचा: एकाची खूण 'एस-एम-एन-ए', दुसऱ्याची 'एस-एम-ए-एन'. दोन अक्षरांची अदलाबदल, पण मधे शेकडो मैलांचं अंतर. तेव्हा अक्षरं ओळखून थांबू नकोस, त्यांचा क्रमही बघ.

टांकसाळ कळली, आता साल. इथे मला जी युक्ती सगळ्यात प्रिय आहे ती तुला देते. या बिननावाच्या नाण्यांबरोबरच, त्याच टांकसाळीत, त्याच कार्यशाळेत, अगदी तीच खूण घालून दुसरी नाणीही पडत होती. त्यांवर कॉन्स्टंटाइनचं आणि त्याच्या मुलांचं नाव आहे, मागे दोन शिपाई आणि त्यांच्यामध्ये सैन्याची निशाणं. नुसत्या अक्षरांवर जाऊ नकोस, त्यांच्या आसपासचा ठिपका, तारा, पुष्पचक्र, ताडाची फांदी हेही बघ. टांकसाळ दर थोड्या काळाने हे चिन्ह बदलायची. तुझ्या लांडगीखाली जी खूण आहे, नेमकी तीच ज्या शिपायांच्या नाण्यावर सापडेल, ते तिचं सख्खं भावंड. त्या भावंडाच्या पुढच्या बाजूला नाव असतं, आणि नावाला तारीख असते. कॉन्स्टंटाइनचा धाकटा मुलगा कॉन्स्टन्स ३३३ च्या डिसेंबरात सीझर, म्हणजे उपसम्राट, झाला. त्याचं नाव ज्या खुणेबरोबर येतं ती खूण त्याआधी सुरू होऊन संपलेली असू शकत नाही. पुतण्या डाल्मेशियस ३३५ च्या सप्टेंबरात सीझर झाला आणि ३३७ मध्ये मारला गेला. त्याच्या नाण्यावरची खूण म्हणजे जेमतेम दोन वर्षांची खिडकी. म्हणून लांडग्यांबरोबर शिपायांची दोन-चार नाणी घेत जा. दिसायला साधी, किमतीला कमी, पण लांडगीचं वय तीच सांगतात.

दुसरा पुरावा वजनाचा. शिपायांच्या मध्ये आधी दोन निशाणं असतात, ३३५ च्या सुमारास एकच उरतं, आणि त्याच वेळी नाणं हलकं होतं. स्मारक नाणीही त्यांच्याबरोबर हलकी होतात. आधीची साधारण अडीच ग्रॅमची, नंतरची दीड-पावणेदोन ग्रॅमची. प्रत्येक नाणं वेगळं तोललेलं नसे, त्यामुळे दहा-वीस शतांश इकडे तिकडे होतात. पण दोन गट हातातसुद्धा कळतात. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आधी घे, नाणी नंतर. आणि नाणं आलं त्या दिवशीच वजन, व्यास आणि खूण वहीत लिही. नंतर लिहू म्हटलं की राहून जातं.

पुस्तकांचं थोडक्यात सांगते. 'रोमन इम्पीरियल कॉइनेज'चा सातवा खंड पॅट्रिक ब्रून यांनी केला, १९६६ मध्ये. तो ३३७ पर्यंत येतो. तिथून पुढचा आठवा खंड जे. पी. सी. केंट यांचा, १९८१ चा. हे महाग आहेत, विकत घेण्याची घाई नको. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची मोफत सूची संगणकावर उघडते, तिथे टांकसाळ आणि चित्र घालून शोधता येतं. कार्सन, हिल आणि केंट यांचं १९६० चं 'लेट रोमन ब्राँझ कॉइनेज' हे छोटं पुस्तक मात्र जुन्या बाजारात दिसलं तर सोडू नकोस. त्यात टांकसाळीगणिक खुणा एकाखाली एक लावल्या आहेत, आणि डोळ्याला क्रम कळायला तसंच काहीतरी लागतं.

म्हणजे तुझं पहिलं ध्येय सरळ आहे: लांडगी एकच, टांकसाळी तेरा. ट्रिअर, लियाँ, आर्ल, सिस्किया या लवकर मिळतील. बाकीच्यांना वाट बघावी लागेल. बरी, वाचता येणारी लांडगी आजही इथे ब्रिटनमध्ये वीस-तीस पौंडांत मिळते, म्हणून पैसा हा मोठा अडसर नाही, सबुरी हा आहे. तेरा एका ओळीत मांडल्यास की जे दिसेल ते कुठल्याही पुस्तकातल्या चित्रात दिसत नाही. एकच हुकूम, एकच चित्र, आणि तेरा गावच्या कारागिरांचे तेरा हात. कुठे लांडगी सडपातळ आणि पाय लांब, कुठे बुटकी आणि जाडी. कुठे रोमाचं नाक सरळ, कुठे हनुवटी पुढे आलेली. आर्लच्या काही नाण्यांवर दोन ताऱ्यांच्या मध्ये ख्रिस्ताच्या नावाची जोडखूणही आहे. लांडगीच्या पाठीवर ख्रिस्ती चिन्ह! जुना धर्म आणि नवा धर्म एकाच बोटभर चकतीवर शेजारी राहत होते, त्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. असं नाणं नजरेस पडलं तर थोडं जास्त मोजलंस तरी चालेल.

दर्जा बघताना चमक बघू नकोस. ब्राँझचं नाणं सतराशे वर्षांनी पितळेच्या समईसारखं लखलखत असेल, तर त्याला कुणीतरी ओरबाडलंय. चांगला थर गुळगुळीत असतो, हिरवा, तपकिरी किंवा काळपट, आणि अक्षरांच्या कडा त्याच्या आतून स्पष्ट उठलेल्या असतात. माझा क्रम असा: आधी टांकसाळीची खूण पूर्ण, मग पृष्ठभाग शांत, मग चित्र मध्यभागी, आणि झीज सगळ्यात शेवटी. झिजलेलं नाणं बाजारात राबलेलं असतं, त्यात कमीपणा नाही. खोदून-कोरून तीक्ष्ण केलेलं नाणं मात्र परत ठेव. भिंगाखाली लांडगीच्या आयाळीत सुईच्या टोकाच्या ताज्या रेघा दिसल्या, भोवतालची जमीन जास्तच सपाट वाटली, तर ते काम आजच्या हाताचं आहे.

आता नकलांबद्दल, कारण इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका नावाने ओळखल्या जातात. कॉन्स्टंटाइन गेल्यानंतर, साधारण ३४० च्या दशकात, ब्रिटन आणि गॉलमध्ये सुट्ट्या पैशांची टंचाई झाली आणि लोकांनी जागच्या जागी नाणी पाडली. लांडगी आणि विजयदेवता ही त्यांची आवडती चित्रं. ही नाणी लहान असतात, कधी नखाएवढी; अक्षरं उलटी-सुलटी किंवा नुसत्या उभ्या काड्या; लांडगी कधी कुत्र्यासारखी, कधी घोड्यासारखी. पुढे रोमा आणि मागे गलबतावरची विजयदेवता, अशी मिसळही होते. ती चौथ्या शतकातलीच आहेत, खरी आहेत, आणि त्या काळच्या खेड्यातल्या माणसाला ही चित्रं किती सवयीची झाली होती हे त्यांच्याइतकं कुणी सांगत नाही. ती जरूर घे, पण वेगळ्या पेटीत ठेव, आणि खरेदी करताना अधिकृत नाण्याचा भाव देऊ नकोस.

आजची बनावट ही दुसरी गोष्ट. स्वस्त नाण्यांची नक्कल कोण करेल असं वाटतं, पण होते, आणि नवख्यालाच विकली जाते. कड बघ: साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ असते किंवा ती घासून टाकलेली असते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे हे ओतीव धातूतल्या हवेचे बुडबुडे. अक्षरं साबणाच्या वडीवरच्या झिजलेल्या नावासारखी गोलसर होतात. वरून लावलेल्या वाळूच्या रंगाचा थर लाकडी टूथपिकने किंवा अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने सुटतो आणि खाली कोरा धातू दिसतो. पण सगळ्यात खात्रीची परीक्षा वेगळी आहे. एकाच ठशातून पाडलेल्या दोन खऱ्या नाण्यांवर चित्र हुबेहूब असतं, पण चकतीचा आकार, चित्र किती सरकलंय, कुठे चीर आहे, हे दोन्हींत वेगळं असतं. दोन नाण्यांच्या कडेला एकाच जागी एकच चीर असेल, तर दोन्ही एकाच साच्यातली. म्हणून विकणाऱ्याकडे तीच लांडगी चार असतील, तर चारही मागवून शेजारी ठेव. चांगला माणूस त्याला कधी नाही म्हणत नाही.

स्वच्छतेचं मात्र नीट ऐक, कारण तू ठाण्यात राहतेस आणि चार महिने हवेत पाणी भरलेलं असतं. चिंच, लिंबू, राख, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, यांतलं काहीही या नाण्याला लावायचं नाही. देवघरातल्या तांब्याला जे शोभतं ते इथे नको, कारण तो हिरवा-काळा थरच आता नाण्याची कातडी आहे आणि अक्षरं त्या थरातच शिल्लक आहेत. आम्लाने थर जातो, अक्षरंही जातात आणि खाली खरबरीत लाल तांबं उरतं. मातीचं नाणं असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेव, नळाच्या पाण्यात नको, त्यात क्लोरीन असतं. दर आठवड्याला पाणी बदल, मऊ ब्रशने हलकेच माती सोडव, बांबूच्या काडीने अक्षरांच्या खोबणी मोकळ्या कर. लोखंडी सुई नको. खूण वाचता येऊ लागली की तिथे थांब. जुने लोक ऑलिव्ह तेलात नाणी मुरवत, ते करू नकोस. तेल हळूहळू आंबट होतं आणि थराला खातं.

आणि ब्राँझचा रोग. नाण्यावर फिक्या हिरव्या रंगाची, पिठासारखी भुकटी एखाद्या ठिपक्यावर जमू लागली आणि काडीने काढून टाकली तरी पुन्हा आली, तर तो साधा कळक नव्हे. जमिनीतून आलेली क्षारद्रव्यं तांब्याशी मिळून आतून खात असतात, आणि त्यांना फक्त हवेतला ओलावा हवा असतो. घट्ट, गडद, हलत नाही असा हिरवा थर निरोगी. फिका, भुसभुशीत, वाढणारा तो रोग. असं नाणं लगेच बाजूला काढ. भुकटी खरवडून काढ, डिस्टिल्ड वॉटरच्या अनेक पाळ्या दे, पूर्ण वाळव, आणि मग काही महिने एकटंच ठेवून लक्ष ठेव. त्यापुढची रसायनं घरात वापरू नकोस, ती विषारी असतात. ते काम संग्रहालयातल्या जतन करणाऱ्यांचं.

रोग येऊ नये याची सोय सोपी आहे. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक. काटा चाळीसच्या खाली राहिला पाहिजे. पुड्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून पुन्हा वापर. जूनच्या पहिल्या आठवड्यात डबा बंद कर आणि नवरात्रापर्यंत कौतुकाने दहादा उघडू नकोस. नाणी ठेवायला मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं घेऊ नकोस. ती काही वर्षांनी चिकट होतात आणि नाण्यावर हिरवा लेप सोडतात. आम्लरहित कागदाची पाकिटं सगळ्यांत बरी, वर पेन्सिलीने लिहिताही येतं. वर्तमानपत्र, रबरबँड आणि ओकचं लाकूड नाण्यांपासून लांब. नाणं धरायचं ते कडेने, आणि खाली जाड फडकं अंथरून. हातातून निसटलेलं जुनं ब्राँझ फरशीवर दुभंगतं.

लांडग्या आठ-दहा झाल्या की बाकीच्या स्मारक नाण्यांकडे वळ. कॉन्स्टंटिनोपलच्याच टांकसाळीतून निघालेलं 'रोमन जनतेचं' छोटं नाणं आहे, त्याच्या मागे कुठे पूल, कुठे पुष्पचक्रात तारा. मिळायला अवघड आणि नकलांनी वेढलेलं, म्हणून ते खात्रीच्या माणसाकडूनच. त्याआधीची, ३१७-३१८ ची, दिवंगत सम्राटांची मालिका आहे: क्लॉडियस, कॉन्स्टंटियस आणि मॅक्झिमियन. कॉन्स्टंटाइन स्वतःला क्लॉडियसचा वंशज म्हणवत होता, त्यामुळे ही नाणी म्हणजे खिशात घालायची वंशावळ. ३३७ नंतरची हेलेना आणि थिओडोरा यांची नाणीही बघ. एक कॉन्स्टंटाइनची आई, दुसरी त्याची सावत्र आई, आणि दोघींच्या नातवंडांत सत्तेवरून रक्त सांडलं त्याच सुमारास दोघींचीही नाणी पडत होती. आणि एक नाणं तर घेतलंच पाहिजे. २२ मे ३३७ ला कॉन्स्टंटाइन गेला. त्यानंतरच्या नाण्यावर त्याचं डोकं पदराने झाकलेलं आहे, आणि मागे तो चार घोड्यांच्या रथातून वर जातोय, आभाळातून एक हात खाली आलाय. सीझेरियाचा बिशप युसेबियस याने कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात या नाण्याचं वर्णन केलं आहे, तेही नाणं नवं असतानाच. प्राचीन लेखकाने पाहून लिहिलेलं नाणं आपल्या तळहातावर असणं, असं भाग्य फार थोड्या वेळा लाभतं. घेताना हात नीट दिसतोय ना ते बघ. तो अगदी काठाशी असतो आणि पुष्कळदा चकतीबाहेर गेलेला असतो.

शेवटी कुठून घ्यायचं ते. तुला वाटेल, ही नाणी भारतातच शोधावीत, कारण चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन तांब्याची नाणी तमिळनाडूत करूरच्या अमरावती नदीच्या पात्रात, मदुराईला आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेत मोठ्या संख्येने मिळाली आहेत. तो सगळा विषय सुंदर आहे आणि तू तो वाचच. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे एक दिवस काढ. मुंबईतल्या वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालनही पाहा. पण नदीतून काढलेली म्हणून कुणी पुरचुंडी पुढे केली, तर हात लावू नकोस. आपल्याकडे १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेणं सामान्य माणसाला बंद आहे. म्हणजे इथल्या आतेभावाला भेट म्हणून तू एखादं पाठवू म्हणशील, तर तेही नाही.

ब्रिटनमध्येही नियम आहेत. एकाच ठिकाणी तीनशे वर्षांहून जुनी दहा किंवा अधिक ब्राँझ नाणी सापडली तर १९९६ च्या कायद्याने ती 'ट्रेझर' ठरतात आणि कळवावीच लागतात. त्या कळवण्यामुळेच २०१३ मध्ये डेव्हनमधल्या सीटन डाउनला निघालेली २२,८८८ नाणी एकत्र राहिली, मोजली गेली, आणि आज एक्सेटरच्या संग्रहालयात आहेत. ती चोरून सुटी विकली गेली असती तर कुणी, कधी, किती पुरली होती हे कायमचं गेलं असतं. म्हणून तू घेशील त्या प्रत्येक नाण्याची पावती माग: विकणाऱ्याचं नाव, तारीख, आणि त्याच्याकडे ते कुठून आलं. जुन्या संग्रहातलं असेल तर त्याचं जुनं लेबल कितीही मळकं असलं तरी फेकू नकोस. परदेशातून मागवलंस तर कस्टमच्या कागदावर नाणं काय आहे ते खरं आणि पूर्ण लिहायला सांग, किंमतही खरी. पावती आणि लेबल नाण्याच्या पाकिटामागे ठेव, वहीत त्याचा क्रमांक लिही, आणि तोच क्रमांक पाकिटावर.